माझा ठेका सवतीच्या तोंडी

मित्रांनो, मी एक जुनी ड्रम मशीन आहे, आणि खरं सांगायचं तर मी भयंकर जळकी आहे.

इंग्लंडात लीड्सला गालिच्यांच्या दुकानावर एक खोली होती. सत्त्याऐंशी साली क्लिफ्टनने मला सेकंडहँड घेऊन तिथल्या टेबलावर ठेवलं. तो माझ्यावर ठेके बांधायचा, गॅरेथ कीबोर्ड वाजवायचा आणि मॅक्सीन रॅप करायची. तिघं मिळून नाचघरांसाठी हाऊस संगीताच्या तबकड्या काढत. दर तबकडीला गटाचं नाव वेगळं, म्हणजे डीजेंना वाटावं कोणी नवीनच आलंय! नावं बदलायची, ठेका मात्र माझाच, त्यातल्या टाळीच्या आवाजासकट.

"हिच्या टाळीवर आपलं पोट आहे," असं क्लिफ्टन म्हणायचा. मी फुगून जायचे.

नव्वद साली सवत आली. सॅम्पलर! कुठलाही आवाज एकदा ऐकायची आणि हुबेहूब वाजवून दाखवायची. या शहाण्यांनी काय करावं? माझाच ठेका तिला ऐकवला, बंद केली की ती सगळं विसरायची म्हणून तो फ्लॉपीवर उतरवला आणि मला कपाटात टाकलं. ती तबकडी तुफान गाजली. फटीतून मी ऐकत होते. आवाज माझा आणि कौतुक तिचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं वाटोळं होवो, असं मी रोज मनात म्हणायचे.

तीन वर्षं गेली. त्या तबकडीने गाजलेलं गटाचं नाव मागे पडत चाललं होतं. शेवटची संधी म्हणून रेकॉर्ड कंपनीने त्याच गाण्याची नवी आवृत्ती मागितली, संध्याकाळच्या आत. आणि दुपारी गॅरेथने फ्लॉपी स्पीकरवर ठेवली. स्पीकरच्या लोहचुंबकाने ती कोरी करून टाकली.

"अरे गाढवा, स्पीकरवर कोण ठेवतं फ्लॉपी?" क्लिफ्टन ओरडला.

"हातात चिप्स होत्या रे. पुड्यातून व्हिनेगर गळत होतं."

"मग आता काय, व्हिनेगर वाजवू?"

"भांडू नका," मॅक्सीन म्हणाली. "म्हातारी आहे ना कपाटात! तिला सगळं पाठ आहे."

काय सांगू माझा आनंद! क्लिफ्टनने धूळ झटकून मला सुरू केलं. दिवा लागला. सवतीकडे बघत म्हटलं, आता ऐक.

पण मला काहीच आठवेना. माझ्या पोटात एक छोटी बॅटरी असते, तिच्या जिवावर ठेके लक्षात राहतात. ती कपाटातच संपली होती. मीही कोरी!

मग मॅक्सीनने डोळे मिटून टेबलावर हाताने ठेका धरला. टाळीआधी किंचित रेंगाळायची माझी खोडसुद्धा तिने सोडली नाही.

"तुझ्या लक्षात आहे?" क्लिफ्टनने विचारलं.

"इतकी वर्षं त्यावर बडबडतेय, विसरेन होय? चल, दाब बटणं."

क्लिफ्टनने एकेक ठोका मला पुन्हा शिकवला. गाणं वेळेत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझी बॅटरी बदलली आणि मला सवतीच्या शेजारी ठेवलं. ती मला अजूनही आवडत नाही.

पण मित्रांनो, तुमच्या कपाटात माझ्यासारखं कोणी पडलं असेल, तर अधूनमधून सुरू करून बघत जा. तीन वर्षं मी तिचं वाईट चिंतत बसले, आणि तेवढ्यात माझा ठेका माझ्यातूनच निघून गेला. मला कळलंसुद्धा नाही.