गगनमहाराजांची वही

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला गोंदिया रोडवर लग्नाचं एक लॉन आहे आणि त्याच्या मागे पत्र्याचा लांबलचक हॉल. लग्नं नसली की दर गुरुवारी आणि शनिवारी तिथे गगनमहाराज बसतात. त्या गुरुवारी बाहेर चपलांचा ढीग पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता. लांजीपासून लामत्यापर्यंतची माणसं आत दाटीवाटीने बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पासपोर्ट होता. कुणाला कॅनडा हवा होता, कुणाला जर्मनी. एका आजीला नातवासाठी "जिथं लवकर होते तिथलं" चाललं असतं.

"एम्बेसी का साहब कौन है?" महाराज माइकवर विचारत होते. "वो भी किसी माँ का बेटा है! और उसकी कलम किसके हाथ में है?"

"आपके हाथ में!" हॉल ओरडला.

"सात समंदर क्या है? बाबा के लोटे का पानी!"

लोटा स्टीलचा होता आणि त्यातलं पाणी महाराज स्वतः मात्र पीत नसत. त्यांच्यासाठी बाटली वेगळी.

ज्योत्स्नाबाई कूलरशेजारी उभ्या होत्या. सरकारी शाळेत सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून त्यांचे पाय दुखत होते आणि डोकंही. या सव्वीस वर्षांत बाबांचे चमत्कार उघडे पाडायला त्यांनी जिभेवर कापूर जाळून दाखवला होता. हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' काढून दाखवलं होतं. मागच्या वर्षी लामत्याला एका बाईच्या अंगातली देवी त्यांनी महिनाभर खपून उतरवली, तर चार महिन्यांनी ती तिच्या जावेच्या अंगात आली. तेव्हापासून बाईंनी हे सगळं सोडून दिलं होतं. आज त्या आल्या त्या केवळ शेजारधर्म म्हणून. शेजारच्या गीताने सकाळी हात धरला होता, "मॅडम, आमचे हे महाराजांशी भांडाले चालले. तुम्ही सोबत जा न."

गीताचे 'हे' म्हणजे गुणाकर. कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलेला सरळ माणूस. कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही, पण आज त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. मुलगी समीक्षा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. भाताच्या करप्या रोगावर तिने दोन वर्षं काम केलं, ते बघून इटलीतल्या एका भातसंशोधन केंद्राने तिला सहा महिन्यांसाठी बोलावलं. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून भर हॉलमध्ये सांगितलं होतं, "हो गया बेटी, मुहर लग गई!" आणि मंगळवारी व्हिसाला नकार आला.

"महाराज," गुणाकर उभा राहिला, "तुम्ही हो गया म्हटलं होतं. पोरीले नाही म्हणून आलं. हे काय आहे?"

महाराजांनी डोळे मिटले, मान हलवली आणि हात पुढे केला. "घनश्याम. किताब."

घनश्याम म्हणजे महाराजांचा कारभारी, सफारीतला, पन्नाशीचा. त्याने लाल कापडात बांधलेली जाड वही आणली. या वहीची रीत सगळ्यांना ठाऊक होती. महाराज आशीर्वाद देत, मग वहीत लाल शाईने एक ओळ लिहीत. ती ओळ कापडाने झाकत, आणि भक्ताने कापडाबाहेर उरलेल्या रकान्यात अंगठा उठवायचा. शिकलेल्यानेही सही करायची नाही, अंगठाच.

घनश्यामने पान काढलं, वरच्या आणि खालच्या ओळींवर कापडाच्या पट्ट्या ठेवल्या आणि मधली एकच ओळ गुणाकरपुढे धरली. समीक्षाचं नाव. इटली. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. आणि पुढे लाल अक्षरात: नहीं. शेजारी समीक्षाचा अंगठा, लहानपणी विळा लागल्याच्या तिरप्या खुणेसकट.

"बच्ची के मुँह पर कैसे बोलता?" महाराजांचा आवाज भिजला. "मुँह से मीठा बोला. किताब में सच लिखा. दो महीने से ये बोझ अकेला ढो रहा हूँ, बाबूजी."

गुणाकर ओळीकडे बघत राहिला. मग तीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. हॉलमध्ये जयजयकार झाला. बायका डोळे पुसू लागल्या. खरं सांगायचं तर ज्योत्स्नाबाईंनाही त्या घडीला काही सुचलं नाही. तारीख जुनी, शाई जुनी, अंगठा मुलीचाच. त्या घरी आल्या आणि चहा करून तो प्यायला विसरल्या.

संध्याकाळी समीक्षा नकाराचं पत्र घेऊन आली. मागोमाग तिचे आईवडील.

"मॅडम, इसमें कारण लिखा है," समीक्षा म्हणाली. तिचं मराठी हिंदीच्या मधूनमधून डोकावायचं. "पापा सुनतेच नाही."

बाईंनी चष्मा लावला. कारण एका ओळीत होतं. मुक्काम सोळा ऑक्टोबरपर्यंत, प्रवासाचा विमा मात्र पाच ऑक्टोबरला संपतो. अकरा दिवस उघडे.

"असं कसं झालं? विमा प्रवासाच्या दिवसापासून घेतात न?"

गीताने पदराशी चाळा केला. "महाराजांनी विम्याचा मुहूर्त काढून देल्ला होता. अकरा दिवस आधीचा. हिची परीक्षा होती, म्हणून एजंटाकडे हेच गेलते."

बाईंना हसूही आलं आणि रडूही. मुहूर्त अकरा दिवस आधीचा म्हणून सहा महिन्यांचा विमाही अकरा दिवस आधी संपला. पोरीचा व्हिसा ज्याने बुडवला, त्याच्याच पायांवर बाप दुपारी डोकं ठेवून आला होता. त्यांनी हे जमेल तितक्या मऊ शब्दांत गुणाकरला सांगितलं.

"ते निमित्त झालं, मॅडम," गुणाकर थकलेल्या आवाजात म्हणाला. "अकरा दिवस नसते तर दुसरं काही निघालं असतं. नाही म्हणून तर आधीच लिवून होतं."

"केंद्राने मेल केला आहे," समीक्षा म्हणाली. "एक महीना रुकेंगे. सोमवारी मुंबईत अर्ज द्यायची वेळ मिळून राह्यली. उसके बाद सीधा जून. जूनपर्यंत ते दुसऱ्याले घेतील."

"अन् दुसऱ्यांदा नाही आलं तर? पासपोर्टवर जन्माचा डाग. मी तुले नशिबाशी झगडाले पाठवत नाही."

समीक्षाने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्यांना राग आला, खूप राग. महाराजांचा तर होताच, पण गुणाकरचाही, आणि मूग गिळून गप्प बसलेल्या स्वतःचाही. विम्याची तारीख दाखवून काही होणार नव्हतं. जितकं खरं कारण दाखवावं तितकी ती वही मोठी होत होती.

शुक्रवारी शाळेतून येताना त्यांना विमलाबाई भेटल्या. मूळच्या लांजीच्या, आता मुलाच्या शिक्षणासाठी बालाघाटात खोली घेऊन राहिलेल्या. त्यांचा रजत जानेवारीत जर्मनीला गेला, आधी भाषा शिकायला, आणि तेव्हापासून विमलाबाई महाराजांच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसायच्या. महाराजही दर बैठकीला त्यांना उभं करायचे.

"उद्या पेढे घेऊन चालली महाराजांपाशी," त्या म्हणाल्या. "रजतचं कॉलेज पक्कं झालं. महाराजांनी माझ्या लेकराचं हौ लिवलं म्हणून झालं हे."

"तुम्ही पाहिलं का, काय लिहिलं ते?"

"आता पाह्याचं काय त्याच्यात? पोरगा तिथं जाऊन राह्यला न!"

ज्योत्स्नाबाई रस्त्यातच थांबल्या. वहीत 'नहीं' पाहिलेली माणसं त्यांनी चार-पाच ऐकली होती. 'हाँ', म्हणजे विमलाबाईंचं 'हौ', पाहिलेलं एकही नाही. ज्याला व्हिसा मिळाला तो पेढे घेऊन येतो. त्याला पुरावा कशाला हवा?

त्यांनी विमलाबाईंकडे बघितलं आणि त्यांना जरा वाईट वाटलं. या बाईचा आनंद खरा होता. तरी त्या बोलल्या, "महाराजांच्या हातचं ते हौ पाहून तर घ्या, विमलाबाई. फोटो काढा, रजतले पाठवा."

"अगं माय! हे सुचलंच नाही मले," विमलाबाई हरखल्या.

शनिवारी हॉल गुरुवारपेक्षा जास्त भरला होता. वहीचा चमत्कार दोन दिवसांत राजेगावच्या पुढे पोचला होता. ज्योत्स्नाबाई पुन्हा कूलरशेजारी उभ्या होत्या. गुणाकरही आला होता, आता पाणी वाटायच्या सेवेला. महाराजांनी विमलाबाईंना उभं केलं, पेढ्यांच्या डब्याला हात लावला आणि मुलाच्या यशाचं श्रेय दोन्ही हातांनी गोळा केलं.

"महाराज, एक मागणं आहे," विमलाबाई म्हणाल्या. "रजतची ओळ दाखवा न. फोटो धाडतो त्याले."

महाराज हसले. "माई, किताब खुशी में नहीं खुलती. दुख में खुलती है."

"एकच ओळ. तुमच्या हातचं हौ पाह्यतो, बस."

"किताब की मर्यादा होती है, माई."

"दाखवा न, महाराज!" मागून कुणीतरी म्हणालं. "माय मागून राह्यली, तं दाखवा!" हॉल महाराजांचाच होता आणि महाराजांवरच्या भक्तीनेच गलका करत होता. हौसेने मागणाऱ्या बाईला नाही कसं म्हणावं, हे घनश्यामला सुचेना. त्याने वही छातीशी धरली. विमलाबाईंच्या मनात संशयाचा लवलेश नव्हता, त्यामुळे भीतीही नव्हती. त्यांनी सरळ पुढे होऊन, आपल्याच घरची वस्तू घ्यावी तशी ती वही त्याच्या हातातून घेतली, नमस्कार केला आणि कापड सोडलं.

नोव्हेंबरचं पान सापडायला वेळ लागला. मग बोट एका ओळीवर थांबलं. विमलाबाईंचे ओठ हलले, एकदा, दोनदा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि वही जवळच उभ्या असलेल्या गुणाकरपुढे केली.

"बाबूसाहेब, मले बरोबर वाचता येऊन नाही राह्यलं. तुम्ही सांगा बरं."

गुणाकरने हातातला जग खाली ठेवला. "रजत... जर्मनी..." तो वाचू लागला आणि थांबला.

"पुढं?"

"नहीं," गुणाकर म्हणाला.

हॉलमध्ये फक्त कूलर घरघरत होता. गुणाकरने पान उलटलं. तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये वह्या तपासणारा माणूस एका ओळीवर थांबत नाही, त्याच्या हाताला ती सवयच नसते. आज ओळी झाकायला पट्ट्या नव्हत्या. तो बोट वरून खाली फिरवत गेला. कॅनडा, नहीं. जर्मनी, नहीं. दुबई, नहीं. पान उलटलं. नहीं. नहीं. परवा हसत दुबईला गेलेला वारासिवनीचा पोरगा, नहीं. समोर बसलेल्या आजीचा नातू, ज्याचा अर्ज अजून भरायचाच होता, नहीं. अख्ख्या वहीत दुसरा शब्दच नव्हता.

"माझ्या लेकराले तू नाही लिवलं?" विमलाबाईंचा आवाज आधी बारीक निघाला, मग पत्र्यांना जाऊन भिडला. "तोंडावर हौ म्हणे, अन् मागं नाही लिवलं? तो अभ्यास करून करून वाळला, अन् तू त्याच्या नावापुढं नाही लिवून बसलता?" त्यांनी पेढ्यांचा डबा उचलला आणि झाकण लावलं.

"माई, ये तो गूढ लिपि है..." महाराज म्हणाले, पण माइक कधी बंद झाला होता त्यांना कळलं नव्हतं. दोन मिनिटांनी ते लघुशंकेला म्हणून उठले आणि मागच्या दाराने गेले. घनश्याम त्यांना पाणी द्यायला गेला. दोघेही परत आले नाहीत.

लोक ज्योत्स्नाबाईंकडे बघू लागले. मास्तरीण आहे, काहीतरी बोलेल. त्यांना खरं तर घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

"काही जादू नाही यात," त्या म्हणाल्या. "तोंडाने सगळ्यांले हौ. वहीत सगळ्यांले नाही. व्हिसा आला, तं तोंड खरं ठरते. नाही आला, तं वही खरी ठरते. ज्याचा आला तो वही मागत नाही. ज्याचा नाही आला त्याले त्याचीच ओळ दाखवतात, बाकी झाकून. तुमचा अंगठा खरा, तारीख खरी, फक्त माणूस खोटा. यापुढं कोणी तुमचं उद्याचं सांगाले लागला, तं आपल्या ओळीवर समाधान मानू नका. त्याची सगळी वही मागा."

काहींनी माना हलवल्या. एकाने विचारलं, वही खोटी असेल, पण महाराजांची वाणी तर खरी होती ना? आणि मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला सांगत होती, की लालबर्र्याकडे एक नवा बसतो म्हणे, तो लिहीत-बिहीत नाही. ज्योत्स्नाबाईंनी ते ऐकलं, पर्स उचलली आणि बाहेर येऊन ढिगात चपला शोधू लागल्या.

त्यांच्या मागे गुणाकर आला. "मॅडम," तो म्हणाला, "पोरीचं मी बुडवलं असतं."

"एजंटाचं दुकान सातपर्यंत उघडं असते," बाई म्हणाल्या. "जा."

रविवारी दुपारी बस स्टँडवर गोंदियाची गाडी लागली होती. तिथून रात्रीची रेल्वे, सोमवारी मुंबई. समीक्षा खिडकीशी बसली, शेजारी गुणाकर, मांडीवर फाईल. नवा विमा विमान उडतं त्या दिवशी सुरू होत होता आणि सोळा ऑक्टोबरला संपत होता. गीता खिडकीखाली उभी होती.

"मॅडम, आता तं येईल न?" गुणाकरने विचारलं.

समीक्षाही त्यांच्याकडे बघत होती. तिची नजर अशी होती, की हो म्हणण्यावाचून दुसरं काही तोंडात येऊ नये. बाईंच्या लक्षात आलं, की हो म्हणणं किती सोपं आहे. एक शब्द, आणि तिघांचे चेहरे उजळतील.

"मले माहीत नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

गुणाकरचा चेहरा उतरला. गीताने मान वळवली.

"खरंच माहीत नाही, बेटा," त्या समीक्षाला म्हणाल्या. "कागद बरोबर आहेत. तिथं बसलेला माणूस ते वाचेल अन् ठरवेल. तू काम चांगलं केलं, हे मी सांगू शकतो. याच्या पुढचं कोणालेच सांगता येत नाही."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. समीक्षाने वडिलांच्या मांडीवरची फाईल घेतली, उघडली आणि पहिल्या कागदापासून एकेक तारीख वाचायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या कागदावर गुणाकरही वाकून तिच्याबरोबर वाचू लागला.