थोरलीच्या घरात शिट्टी का वाजेना?

“बंद झाली! देवाशप्पथ, शिट्टी बंद झाली!”

असं ओरडून माझा नवरा तंबूतल्या स्टुलावरून ताडकन उठला आणि लोकांनी बाजारतळ डोक्यावर घेतला. बायका हात उंचावून किंचाळल्या. ढोलवाल्याने ढोल फाडायचाच तेवढा बाकी ठेवला. घरी पाण्याचा तांब्या उचलायचा म्हटलं तरी गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगणारा माझा म्हातारा, ओग्वेनो, तिथे चक्क उड्या मारत होता.

संदेष्टा एलकानाने रुमालाने बोटं पुसली आणि माईक जवळजवळ तोंडात घालून गर्जना केली, “अंधाराच्या सरदाराने या बाबाच्या कानात खिळा ठोकला होता! मी तो उपटला! माझा फोन थेट स्वर्गात लागतो, मध्ये नेटवर्क जात नाही! दिसला का खिळा?”

“दिसला!” सगळे ओरडले.

मला नाही दिसला. मी सगळ्यांच्या पुढे उभी होते, आणि सरोवरात लांबवर होडी असली तरी तिच्यात कोण बसलंय हे मी अजून ओळखते.

हे कानाचं दुखणं आलं कुठून, ते सांगते. आमच्या शेजारचा ओकुम वारला. सरोवरकाठच्या आम्हा लुओ लोकांत मयताला मुकाट्याने घालवत नाहीत. मांडव पडतो, बैल कापतात, रात्रभर गाणी वाजतात. वडीलधाऱ्याला मानाची खुर्ची मिळते, आणि ती मांडतात स्पीकरला अगदी चिकटून. मान जितका मोठा, खुर्ची तितकी जवळ. स्पीकर तरी केवढा, तर आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याहून मोठा.

मी म्हटलं, “अहो, जरा लांब बसा. तुमच्या छातीवरची बटणं थरथरताहेत.”

“मानाची खुर्ची सोडू? तुला काय कळतं!”

नाहीच कळत. मी दुसरीत शाळा सोडली. पण बटण थरथरलेलं कळतं.

सकाळी उठल्यावर म्हणाला, “हे रातकिडे अजून का ओरडताहेत?”

“ऊन पाठीवर आलंय. कसले रातकिडे?”

त्याने कान झाडले, पाण्याने धुतले, तेल घातलं. शिट्टी जाईना. दुपारी मक्याच्या पिठाची उगाली पुढ्यात ठेवली तर घास हातातच राहिला. रात्री अंथरुणावर उठून बसायचा. म्हातारा माणूस, पण एकदा माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. “थोरले, हे थांबलंच नाही तर मी वेडा होईन गं.” त्याची मी खूप थट्टा करते, पण त्या दिवशी केली नाही.

अशात एलकाना गावात आला. त्याच्या तंबूत शिट्टी खरंच थांबली, मी स्वतः पाहिलं. आणि घरी येऊन चप्पल काढेपर्यंत पुन्हा सुरू झाली, तेही पाहिलं.

दुसऱ्या खेपेला संदेष्ट्याने डोळे मिटले, मान डोलावली. “मी बरं करून पाठवतो आणि घरी कोणीतरी पुन्हा खिळा ठोकतं. बाबा, तुला बायका किती?”

“दोन.”

“कोणाच्या घरात जास्त वाजतं?”

ओग्वेनोने थोडा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नाही, तेवढी अक्कलच नाही. “धाकटीच्या. तिच्याकडे निजलो की शिट्टी नुसती किंचाळते. थोरलीच्या घरात फारशी वाजत नाही.”

“ऐकलंत?” एलकानाने माईक आकाशाकडे नेला. “धाकटी रातधावी आहे!”

रातधावी म्हणजे रात्री अंगावर चिंधीही न ठेवता धावणारी, लोकांच्या पत्र्यावर दगड फेकणारी, दारावर ढुंगण घासून पळणारी बाई. आमच्याकडे हा शब्द हसत हसत उच्चारतात, पण एकदा खरोखर चिकटला की ती बाई विहिरीवर गेली तरी बाकीच्या बादल्या उचलून चालत्या होतात. माझ्या दिरांनी तिथल्या तिथे ठरवलं, रविवारी संदेष्टा सगळ्यांदेखत तिच्यावरून पाणी उतरवेल आणि ती बोचकं घेऊन भावांच्या घरी जाईल. भाऊ दोघेही वारलेले. भावजयांनी तिला दारात तरी उभं केलं असतं का?

धाकटीचं नाव आपोंडी. ती या अंगणात आली तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. माझी लाकडं नेते, माझ्या कोंबड्यांना आपल्या म्हणते, माझी ओमेना मासळी वाळत घातली की तिचंच मांजर नेमकं सुटतं. पण ती बाई भरदिवसा अंगणातून जाताना दोनदा टेकते. ती रात्री गावभर धावणार?

मी तिच्याकडे गेले तर ती खरंच बोचकं बांधत होती.

“काय चाललंय?”

“जाते. तुझी इच्छा पुरी झाली, थोरले.”

“तुला हाकलायचं तर मी हाकलेन. तो बूट चमकवणारा संदेष्टा कोण लागून गेला? सोड ते बोचकं. आणि त्यात माझी परात आहे, ती आधी काढ.”

दुसऱ्या दिवशी मला मका दळायला जायचं होतं. म्हातारा धाकटीजवळ एकटा राहायला घाबरला आणि माझ्यामागे आला. गिरणीत शिरलो. पट्टा फिरत होता, पत्रे थडथडत होते, पिठाने सगळं पांढरं झालं होतं. ओग्वेनोचा चेहरा एकदम उजळला. माझ्या कानाशी येऊन ओरडला, “बंद झाली!”

“काय?”

“शिट्टी! संदेष्टा इथे आलाय का?”

मी त्याचं मनगट धरून त्याला बाहेर आंब्याखाली नेलं. “आता?”

“वाजतेय.”

आत नेलं. “आता?”

“नाही वाजत!”

पुन्हा बाहेर, पुन्हा आत. गिरणीवाल्याने विचारलं, “काय हो ओदेराची आई, नवऱ्याला दळून आणायचंय का?” मी विचार करत होते. गिरणी काही प्रार्थना करत नाही. झगा घालत नाही. स्वर्गात फोन तर मुळीच लावत नाही. मग गिरणीत आणि तंबूत सारखं असं काय आहे?

गोंगाट!

पीठ तिथेच टाकलं आणि त्याला घेऊन दवाखान्यात गेले. तिथली नर्स आवुओर आमच्या गावचीच लेक. तिने बॅटरीने कानात पाहिलं, घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकू येते का विचारलं, चक्कर येते का विचारलं.

“आजोबा, खिळा नाही, किडा नाही, भूतही नाही. मोठ्या आवाजाने आतला कान दुखावला की तो असा आपला आपण वाजत राहतो. जगभर होतं हे.”

“जाईल ना?” त्याने तिचा हात धरून विचारलं.

“पुष्कळांची आपोआप कमी होते. काहींची राहते. ती पुसून टाकणारं औषध माझ्याकडे नाही, आणि आहे म्हणणाऱ्याला एक कोंबडीही देऊ नका. पण माणसाला तिची सवय होते. तुम्ही घाबरता, म्हणून तिच्याकडे कान लावून बसता. कान लावला की ती मोठी होते, मग आणखी घाबरता. निजताना अगदी शांत ठेवू नका, रेडिओ हळू लावा. आणि दणदणाटापासून लांब राहा.”

“मग गिरणीत जाऊन निजलं तर?” मी विचारलं.

“आजी! तिथे झाकली जाईल, पण कान आणखी बिघडेल. गळकं छप्पर झाकायला घर पेटवायचं का? आणि कोणाला एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा गरगरायला लागलं, तर त्याच दिवशी इकडे आणा. तंबूत नाही.”

रविवारी तंबू तुडुंब भरला होता. आपोंडीला मधोमध बसवलं होतं आणि तिच्याशेजारची जागा रिकामी होती. मी तिथे जाऊन बसले. ती पुटपुटली, “सरक, माझ्या लुगड्यावर बसलीस.” म्हणजे शुद्धीवर होती.

मग मी तंबू नीट पाहिला. स्टूल मांडलं होतं मागच्या कापडाला खेटून. कापडापलीकडे जनरेटर धडधडत होता. बाजूला स्पीकर, त्याच्या बाजूला ढोलवाला. जनरेटर सगळ्यांना ऐकू येत होता, म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नव्हता. आणि त्या स्पीकरच्या कोपऱ्यातला लाल रंग लागलेला पोचा मी ओळखला. ओकुमच्या मयताला हाच तर भाड्याने आणला होता! ज्याने आजार दिला तोच औषध देत होता.

मी उभी राहिले. “संदेष्टे, एक विनंती आहे. आज त्यांना बरं करा, पण आधी ते मागचं यंत्र बंद करा.”

“आई, विजेशिवाय माझा आवाज पोचणार कसा?”

“स्वर्गात तुमचा फोन थेट लागतो ना? आमचं काय, आम्ही जवळच बसलोय.”

लोक हसले. एलकानाही हसला, पण कपाळावरचा घाम पुसून. “सैतान अशाच तोंडून बोलतो!”

“बोलू दे. तुम्ही मोठे की सैतान?”

माझं बोलणं संपायच्या आत मागे काहीतरी खट्‌ वाजलं. जनरेटर दोन उचक्या देऊन गप्प झाला. माझ्याशेजारून कधी उठून गेली कोण जाणे, कापडाच्या फटीतून आपोंडी हात झटकत परत आली. सकाळपासून रडवेली झालेली बाई, पण चाल एखाद्या पाटलिणीची. ढोलवाल्याकडे नुसतं पाहिलं, त्याने हात खाली घेतले.

बाजारतळावर शेळ्या ओरडत होत्या, त्या आता ऐकू आल्या. एलकानाने ओग्वेनोच्या कानांवर हात ठेवले, कुजबुजला, फुंकला, थरथरला. हात काढले.

“बाबा, थांबली ना?”

ओग्वेनोने मान हलवली. “वाजतेय.”

मागून मोटारहोडीवाला ओन्यांगो म्हणाला, “माझीपण वाजतेय.” मग शिंपीणबाई म्हणाली. मग आणखी कोणीतरी. सगळे गेल्या आठवड्यात बरे झालेले!

“तुमचा विश्वास उडाला!” एलकाना ओरडला, पण माईकशिवाय त्याचा आवाज अगदीच बारीक निघाला.

गर्दीत बसलेली नर्स आवुओर पुढे आली आणि तिने दवाखान्यात सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. माझा मोठा दीर मात्र हट्टी. “ते ठीक आहे. पण मग धाकटीच्या घरात जास्त आणि थोरलीच्या घरात कमी, असं का? गोंगाट काय एकीच्याच घरात असतो?”

खरं सांगते, मला हे सुचलं नव्हतं. आपोंडीने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला ती चमक दिसली, जी माझी कोंबडी पळवताना दिसते.

“असतो,” ती म्हणाली. “थोरली घोरते. माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. ती गिरणी कशाला हवी, ही आहे ना!”

तंबू खाली येईल इतके लोक हसले. माझा दीर हसला, ओन्यांगो हसला, आणि माझा स्वतःचा नवरा, ज्याच्यासाठी मी पीठ टाकून पळाले, तो पोट धरून हसला. त्या हसण्यातच रातधावी कुठल्या कुठे पळाली. एलकानाही मागच्या बाजूने बोडावाल्याच्या भाड्याच्या मोटारसायकलवर बसून गेला. जनरेटर भाड्याचा होता, तो मागे राहिला.

मी घोरत नाही. भारदस्त माणसाचा श्वास भारदस्त असतो, एवढंच.

आता आपोंडीच्या घरात रात्री रेडिओ हळू चालतो. माझ्याकडे त्याची गरज नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. म्हाताऱ्याची शिट्टी थोडी आहे अजून. विचारलं तर म्हणतो, “थांब हं, ऐकून सांगतो,” म्हणजे विसरलेला असतो. मयताला गेला की मानाची खुर्ची स्वतः उचलून लांब आंब्याखाली नेतो. लोक काय म्हणतात? हल्ली तेही आपापल्या खुर्च्या घेऊन त्याच्याजवळ येऊन बसतात.

आणि तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कान वाजायला लागला तर दवाखान्यात जा. आणि कोणी चमत्काराने बरं करतो म्हणाला, तर हात जोडायच्या आधी त्याच्या तंबूच्या मागे जाऊन पाहा. तिथे काय धडधडतंय ते बंद करा, आणि मग त्याला म्हणावं, आता कर बरं. घरातल्या बाईला हाकलायचं नंतर बघू. तेवढं करून जर ती दोषी निघाली, तर आपली परात मात्र आधी परत घ्या.