फुलसिंगचा इन्स्पेक्टर देवकुळे

माह्या जिभेले हाड नाही, असं माही बायको नुजहत म्हणते. पेनले तं त्याहून नाही. नाहीतर घाटंजीतल्या टीवी मेकॅनिकले पेपरात पत्र लिहाचं काय अडलं होतं?

पण राजेहो, राह्यवलंच नाही. दोन हजार सहाची दिवाळी होऊन गेलती अन् पेपराच्या आतल्या पानावर बातमी आली, 'ज्येष्ठ अभिनेते रत्नाकर माजगावे यांचे निधन'. चार ओळी! ज्या माणसानं टीवीवर इन्स्पेक्टर देवकुळे केला त्याले चार ओळी, अन् बाजूले दंतमंजनाची जाहिरात अर्धं पान. माहं डोकंच फिरलं. अठ्ठ्याऐंशी साली दर मंगळवारी संध्याकाळी मी दुकानातला टीवी रस्त्याकडं तोंड करून लावत जाओ. सायकली थांबत, बैलबंड्या थांबत, पोलीस ठाण्यातला जमादार बी टोपी काढून उभा राहे. देवकुळे कोणाले मारत नव्हता, बंदूक काढत नव्हता. खुन्यासमोर बसे, चष्मा पुसे अन् हळूच विचारे, "रात्री झोप लागते का हो तुम्हाला?" बस, तेवढ्यानं खुनी रडाले लागे. सव्वीस भाग झाले अन् मालिका बंद पडली.

मी पत्रात हे सारं लिहिलं, अन् वरून फुलसिंगचं बी लिहिलं. तिथंच माती खाल्ली.

फुलसिंग म्हणजे इथून सात-आठ किलोमीटरवरच्या तांड्यातला मजुरायचा मुकादम. त्या वक्ताले तांड्यात टीवी नव्हता. मंगळवारी थो पायी घाटंजीले ये, माह्या दुकानासमोर उभ्यानं देवकुळे पाहे अन् पायीच वापस जाय. दुसऱ्या दिवशी बाया कापूस वेचाले पातीले लागल्या का थो मांगं मांगं चालत सारा भाग सांगे. पात म्हणजे टोळीनं वेचाले धरलेल्या ओळी. पात सरली का भाग सरला. कोणाचे हात थांबले का याचं तोंड थांबे, म्हणून कोणी हात थांबवत नव्हतं. अख्ख्या तांड्यानं देवकुळ्याले पाह्यलं नव्हतं, निस्ता ऐकला होता. मी लिहिलं का ह्या माणसाले सव्वीसच्या सव्वीस भाग तोंडपाठ हायेत, अन् असा मान मुंबईच्या कोणत्या हिरोले भेटला असन तं दाखवा.

पत्र छापून आलं. आठ दिवसांत दुकानाच्या फोनवर एक बाई बोलली. "मी वैजयंती माजगावे, त्यांची मुलगी. बाबांबद्दल इतकं कुणीच लिहिलं नाही. त्या तांड्यातल्या लोकांनी बाबांना कधी पाहिलंच नाही ना? मी पहिल्या भागाची सीडी घेऊन येते."

या अल्ला! मी मटकन खुर्चीवर बसलो. नुजहतले तीनदा सांगतलं, शेजारच्या दुकानदाराले सांगतलं, अन् तांड्याकडं जाणाऱ्या दूधवाल्याजवळ फुलसिंगले निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलसिंग हजर. तोंड पार उतरलेलं. मले दुकानामांगं घेऊन गेला.

"शकीलभाऊ, थ्या बाईले येऊ देऊ नोको."

"काहून बे?"

"सव्वीस भाग तं पह्यल्याच हंगामात सरले. बाया म्हणे, पुढं सांग. म्या सांगतलं."

"पुढं कुठं काय होतं?"

"मनानं सांगतलं."

"किती?"

त्यानं मान खाली घातली. "अठरा वर्सं."

मंग उजेड पडला. हा गडी दर मंगळवारी घाटंजीले येत होता, माह्या दुकानात चहा पेत होता अन् जात होता. मले वाटे, बाजारहाटीले येत असन. अबे, अठरा वर्सं थो निस्ता तांड्याले दाखवाले येत होता का देवकुळे पाहाले गेलो म्हणून! तांड्यात टीवी आल्यावर बी त्यानं खपवलं, का थो निस्ता शकीलच्याच दुकानातल्या टीवीवर लागते. मले हासू का त्याले झोडपू, समजत नव्हतं.

"हासू नोको," थो म्हणला. "तांड्यात भांडण झालं तं मले बलावते. माह्या शब्दावर सोयरिकी जुळते. अन् माहा देवकुळे कसा हाय मालूम हाय? मोठाल्या मिशा, बुलेटवर फिरते. खरा देवकुळे पाह्यला अन् मी खोटारडा निघालो, तं माहा शब्द कोण धरन? तोंड कुठं दाखवू?"

मी त्याच दिवशी मुंबईले फोन लावला. रस्ता खराब हाय म्हणलं, लाइट नसते म्हणलं, काय काय म्हणलं. बाई म्हणली, "मी तिकीट काढलंय."

आली मंगळवारीच. नागपूरवरून जीप करून. तिशीची असन, साधी सुती साडी. गाडीतून उतरली अन् मी पाहतच राह्यलो. तेच डोळे, राजेहो. एवढाल्या वर्सांनी देवकुळे माह्याकडं पाहून राह्यला होता. नमस्कार करता करता मले बोलता येईना, अन् मी गप बसलो हे नुजहतले आजही खरं वाटत नाही.

भर दुपारी सेवालाल महाराजाच्या मंदिरापुढच्या मांडवात मी टीवी अन् सीडी प्लेअर मांडला, बॅटरीवर जोडला, उजेड नोको म्हणून चारी बाजूनं गोधड्या बांधल्या. तांडा झाडून आला होता. त्या सालात कास्तकारायच्या आत्महत्यांसाठी आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात येत होतं ते तुमाले मालूम हाय, मी उगाळत नाही. कपाशीवर लाल्या रोग पडला होता, दुसऱ्याच वेच्यात उलंगवाडी, म्हणजे हंगामच खतम व्हाची वेळ आलती. कामं नव्हती, म्हणून बी माणूस बसून होतं. फुलसिंग मांगच्या खांबाले टेकून बसला होता, अन् मी त्याच्याकडं पाहाची हिंमत करत नव्हतो.

भाग लागला. पडद्यावर माजगावे आले. बुटके, बारीक, बिनमिशीचे, चष्मेवाले. एसटीतून उतरले, अन् थैली सांभाळत चालाले लागले. पंचवीस मिनिटं कोणी खोकललं बी नाही. भाग सरला. मी टीवी बंद केला. वैजयंतीबाई साऱ्यायच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.

मंग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हा कोण होय?"

बाईचा चेहरा असा उतरला का विचारू नोका. तेवढ्यात फुलसिंग उठला, पुढं आला अन् हात जोडले.

"हाच खरा," थो म्हणला. "माहाच खोटा. सव्वीस भागाच्या पुढचं सारं म्या मनानं सांगतलं. माफ करा."

काय हिंमत पाहा! मी असतो तं मांगच्या मांगं पळून गेलो असतो.

हंसाबाई बसल्या जागेवरून बोलली. वेचणाऱ्या बायांमधी तीच मोठी, टोळी तिच्या मांगं चालते. "बस खाली. मोठा आला सांगनारा. आमाले का मालूम नाही?"

"काय मालूम?"

"मुंबईच्या देवकुळ्याले आपल्या शिवारातली विहीर कशी मालूम बे? भीमराजची बकरी त्यानं शोधली, थे टीवीवर आलतं काय?" मांडवात खसखस पिकली. भीमराज लाजून खाली पाहाले लागला.

"मंग बोलल्या काहून नाही?" फुलसिंग रडकुंडीले आला होता.

"बोललो असतो तं तू सांगाचं बंद केलं असतं." हंसाबाईनं पदर सावरला. "मागच्या दोन सालात कोनाच्या घरी बोलाले शब्द नव्हता. मानूस मानसाकडं पाहत नव्हता. पातीले गेलं का देवकुळे होता. तू खोटारडा काहून होशीन? तुह्याच शब्दावर तं दिवस काढले."

मी मेकॅनिक माणूस. पडद्यामांगं काय असते थे मले मालूम हाय, तारा, नळी अन् धूळ. पण त्या दुपारी मले पह्यल्यांदा वाटलं का आपुन काहीच उघडून पाह्यलं नाही. सव्वीस भागाचा माणूस ह्यायनं अठरा वर्सं जगवला, पडदा नाही, लाइट नाही, निस्त्या कानानं.

पण फुलसिंगचं समाधान झालं नव्हतं. थो बाईकडं वळला. "तांड्यानं माफ केलं. पन बाप तुमचा होता. त्याच्या नावानं म्या खोटं बोललो. तुमी सांगा."

बाई उठून त्याच्यापुढं आली. मंग म्हणली, "तुमचा एक भाग ऐकवा मला."

"बसून नाही येत मले," फुलसिंग खालच्या आवाजात म्हणला. "पात लागते."

मांडवाले लागूनच वावर होतं, वेचणी बाकी होती. हंसाबाईनं बाईच्या कमरेले कापूस ठेवाची ओटी बांधली, अन् बोंडातून कापूस कसा ओढाचा ते दाखवलं. बाया पातीले लागल्या, मधी वैजयंतीबाई, मांगं फुलसिंग. मी वावराच्या कडंच्या धुऱ्यावरून चालत होतो. पह्यले त्याचा आवाज निघत नव्हता. मंग निघाला. अन् काय निघाला! माजगाव्यांचा नाही, फुलसिंगचा बी नाही, तिसऱ्याच कोणाचा. दागिन्याच्या चोरीचा तपास होता. देवकुळे दिवसभर उन्हात फिरला, काही हाती लागलं नाही. दिवस बुडाच्या आंधी बुलेट घराकडं वळवली, आंगणात बूट काढले अन् हाक मारली, "पोरी, पानी आन."

बाईचे हात थांबले. फुलसिंग बी थांबला.

"मुलगी?" ती म्हणली. "देवकुळ्यांना मुलगी नव्हती. मालिकेत ते एकटेच राहत."

"आमीच मांगतली," हंसाबाई म्हणली. "एवढा मोठा मानूस, अन् घरी वाट पाहाले कोनी नाही? म्हून फुलसिंगनं त्याले पोरगी देल्ली."

"आणि ते रोज घरी येतात?"

"रोज. दिवस बुडाच्या आंधी. कितीबी मोठा खून असो."

वैजयंतीबाई हातातल्या बोंडाकडं पाहत राह्यली. "मी बारा वर्षांची होते तेव्हा," ती म्हणली. "बाबा शूटिंगला असायचे, मी झोपल्यावर यायचे. मालिका बंद झाली तेव्हापासून घरीच होते, पण खिडकीशी बसून. बोलायचे नाहीत. मी काही विचारलं तरी नाही."

फुलसिंग दोन पावलं पुढं आला. "बाई, चुकलं का माहं?"

तिनं मान हालवली. डोळे पुसले, कापसाचे धागे गालाले चिकटले. मंग पुढचं बोंड धरलं, अन् जमलं तसं ओढलं.

"सांगा ना," ती म्हणली. "पाणी दिल्यावर बाबा तिच्याशी काय बोलतात?"