घसा आणि गटार

समई तिसऱ्यांदा विझली, तेव्हा प्रभाकर सरांनी हातातली मेणबत्ती शेजारी उभ्या असलेल्या वेटरकडे दिली आणि ते पाठीमागे हात बांधून उभे राहिले. एसीचं तोंड बरोबर समईवर होतं. ते वळवायला पबचा मालक कमलेश उंच स्टुलावर चढला होता आणि खालून चार जण त्याला चार दिशा सांगत होते.

"सर, दोन मिन्टं," कमलेश वरून म्हणाला. "फिरतच नाय हे. इथे कधी कोणी दिवा लावलाच नाय ना."

"ते दिसतंय," सर म्हणाले.

अख्ख्या पबात काडेपेटी मिळाली नव्हती. लायटर मात्र मागितल्याबरोबर सतरा पुढे आले होते. सरांनी ते मोजले होते. अशा गोष्टी मोजून ठेवायची त्यांना सवय होती. पुढेमागे भाषणात त्या कामाला येत.

तशी आता भाषणं राहिली नव्हती. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना शेवटचं बोलावणं आलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेही ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंताक्षरीचं. चाळीस वर्षं चालवलेला गाण्याचा क्लास गेल्या दिवाळीत बंद झाला. उरलेल्या तीन मुलींपैकी दोघी नृत्याला गेल्या आणि तिसरी एका ॲपकडे. डोंबिवलीला आता कान राहिले नाहीत, असं सर येईल त्याला सांगत. येणारे मात्र दिवसेंदिवस कमी होत चालले होते.

अशात एक दिवस ऋतुराज पेढे घेऊन दारात उभा राहिला. सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत हा मुलगा क्लासला होता आणि त्या पाच वर्षांत त्याने सरांना जेवढा मनस्ताप दिला तेवढा कोणी दिला नव्हता. आता तो दाढी वाढवून एका रॉक बँडमध्ये गात होता. बँडचं नाव होतं 'मंगळवार पाणी बंद' आणि त्यांचा पहिला अल्बम येणार होता, 'गच्चीची किल्ली'.

"प्रकाशन तुमच्याच हस्ते करायचंय, सर."

"मी आलो तर बोलणार."

"बोलाच ना सर. क्लासमध्ये बोलायचात ना, तस्संच बोला. काही कापू नका."

सरांनी तेव्हाच ठरवलं की कापायचं नाही. संगीताचं या पोरांनी काय करून ठेवलंय ते त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच मंडपात सांगायचं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि ऐकायला निदान शंभर माणसं तरी असणार होती. त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर अकरा मुद्दे काढले, इस्त्रीचा झब्बा घातला आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते शिळफाटा रोडवरच्या 'ब्लू कॅक्टस'मध्ये हजर झाले. कमलेशच्या आजोबांची इथे भातशेती होती म्हणे. त्यांच्या पुण्याईने आता तिसऱ्या मजल्यावर ही अंधारकोठडी उभी होती.

अखेर कमलेशने एसीच्या तोंडावर मेनूकार्ड चिकटवलं आणि समई पेटली. टाळ्या झाल्या. सरांना पहिल्या सोफ्यावर बसवण्यात आलं, पुढ्यात लिंबू सोडा आला आणि त्यासोबत एका लाकडी फळीवर बटाट्याचे काप आले. खायच्या गोष्टी ताटलीत द्यायची पद्धतही गेली, हे सरांनी मनात नोंदवलं.

मग गाणी सुरू झाली. दोनच झाली, पण ती पाऊण तास चालली. ऋतुराज डोळे मिटून ओरडत होता की तो आग आहे, तो वादळ आहे, त्याला कोणी अडवू शकत नाही. तो एका विमा कंपनीत ग्राहकांना हप्त्यांची आठवण करून देण्याचं काम करतो, हे सरांना त्याच्या आईकडून ठाऊक होतं. समोरची मंडळी माना हलवत होती. त्यांत ऋतुराजचे काका होते, काकू होत्या, कानात कापूस घातलेले कोणाचे तरी सासरे होते आणि फोन डोक्यावर धरून नाचणारी पन्नाससाठ तरुण मुलं होती. एकाही चेहऱ्यावर सुराची जाण म्हणून दिसेना. ड्रमवर शिवानी नावाची एक किडकिडीत मुलगी होती. पोरीची लय पक्की होती. सरांनी ते स्वतःशीसुद्धा हळूच कबूल केलं आणि पुन्हा तोंड वाकडं करून बसले.

दुसरं गाणं संपलं तशी चांदीच्या कागदात गुंडाळलेली, लाल फीत बांधलेली एक पेटी सरांसमोर आणण्यात आली. सरांनी फीत सोडली, कागद काढला आणि पेटी उघडली. आत एक पुठ्ठा होता आणि त्यावर काळे-पांढरे चौकोन छापलेले होते.

"अल्बम कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"हा काय सर. हे स्कॅन केलं की फोनवर येतो. आता सीडी कोण घेतं?"

"म्हणजे पेटी रिकामी आहे."

"तसं म्हटलं तर हो," ऋतुराज म्हणाला. "पण काहीतरी उघडायला हवं ना सर. आई म्हणाली, त्याशिवाय प्रकाशन कसलं?"

सरांनी पुठ्ठा उंच धरला, फोटो निघाले, अंगावर शाल आली, हातात नारळ आला. मग ऋतुराजने स्टँडवरून माईक काढून त्यांच्या हाती दिला आणि तो बाजूला झाला.

सरांनी पाकीट काढलं, चष्मा लावला आणि समोर पाहिलं. नाट्यगृहात निदान रांगा असतात. इथे काही माणसं सोफ्यात रुतलेली, काही उंच स्टुलांवर लटकलेली आणि उरलेली काउंटरला टेकलेली होती.

"या ऋतुराजला मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तो सात वर्षांचा होता," ते म्हणाले. "त्याच दिवशी मी त्याच्या आईला सांगितलं, बाई, याला पोहायला घाला."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांना राग आला आणि रागाबरोबर त्यांचा आवाज चढला.

"पाच वर्षं मी या मुलाच्या गळ्यावर मेहनत घेतली. रोज विचारायचो, अरे, हा घसा आहे की गटार? आज कळलं, मी गटाराचा अपमान करत होतो. गटाराला उतार तरी असतो. त्यातलं पाणी कुठेतरी जाऊन पोचतं. याचा सूर निघतो, पण पोचत कुठेच नाही!"

धाड-धाड-छन्न!

सर गर्रकन वळले. शिवानी ड्रमच्या मागे काठ्या छातीशी धरून बसली होती.

"सॉरी सर. राहवलं नाही."

पब हसत होता. नुसता हसत नव्हता, टेबलं बडवत होता. ऋतुराज तर पोट धरून वाकला होता. सरांनी पाकिटावरचा पुढचा मुद्दा पाहिला आणि तो दुप्पट जोराने मारला.

"हा डावीकडचा गिटारवाला अर्धा तास वाद्य जुळवत होता. मी म्हटलं, जुळवू दे, घाई काय आहे. मग समजलं की ते दुसरं गाणं होतं."

धाड-धाड-छन्न!

"आणि म्हणे, मी वादळ आहे! अरे, वादळ कधी डबा घेऊन कामावर जातं का?"

इथे सर थांबले. आपण का थांबलो, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मागून ड्रम वाजला आणि ते पुढे बोलू लागले. पाचव्या मुद्द्यानंतर त्यांनी पाकिटाकडे पाहणं सोडून दिलं. आठव्याला ते चार पावलं चालून पुढे आले. सतरा लायटर आणि एक समई याच्यावर तर कानात कापूस घातलेल्या सासऱ्यांनी कापूस काढून ठेवला. चाळीस वर्षांत क्लासमध्ये या शब्दांनी मुली रडल्या होत्या, आया भांडायला आल्या होत्या. हसलं कधी कोणी नव्हतं.

पण अकरावा मुद्दा हसायचा नव्हता. तो त्यांनी राखून ठेवला होता.

"आता सूर म्हणजे काय असतो, तो ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी शाल सावरली.

सरांनी जे पद निवडलं होतं ते त्यांनी पूर्वी हौशी मंडळाच्या संगीत नाटकात म्हटलेलं होतं. दहा वर्षं ते त्या नाटकात दुय्यम भूमिका करत होते. मुख्य गायकाला प्रत्येक प्रयोगात वन्स मोअर मिळे. सरांना एकदाच मिळाला, कल्याणच्या प्रयोगात. पद संपलं आणि तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" सरांच्या अंगावर शहारा आला. त्यांनी ऑर्गनवाल्याला खूण केली आणि अंतरा पुन्हा उचलला. तेवढ्यात बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "अहो, भाऊ आहे तो त्यांचा!" सगळं नाट्यगृह खो खो हसलं. तिसऱ्या रांगेत अण्णा, सरांचे थोरले भाऊ, टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच धरून बसले होते. उचललेला अंतरा टाकता येत नाही, म्हणून सरांनी तो पुरा केला. पुढे दोन वर्षं ते अण्णांशी बोलले नाहीत. वन्स मोअर ही भीक आहे, असं ते क्लासमध्ये प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगत. अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

सरांनी डोळे मिटले आणि पद सुरू केलं. एकाहत्तराव्या वर्षी आवाज खाली बरा लागत होता, वर जाताना थोडा कापला, पण त्यांनी तो धरून ठेवला आणि सुरावर नेऊन बसवला. तिथे ते हवे तेवढे थांबले. पब शांत झाला होता. शोकसभेत होतो तसा शांत. काउंटरवर कोणीतरी दबक्या आवाजात कोळंबी मागवली. वेटरने ग्लास उचलताना होता होईल तो आवाज न करण्याची काळजी घेतली. सरांनी अंतरा घेतला, समेवर आले आणि डोळे उघडले.

टाळ्या झाल्या. नीट, पुरेशा, थोरामोठ्यांसाठी वाजवतात तशा झाल्या.

सरांनी माईक ऋतुराजकडे दिला, नारळ उचलला आणि ते सोफ्याकडे वळले.

"वन्स मोअर!"

सर जागच्या जागी थबकले. आवाज मागून आला होता, एकट्याचा. त्यांनी सवयीने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि तिथे रांगच नव्हती. मग डावीकडून दुसरा आवाज आला, काउंटरवरून तिसरा, आणि बघता बघता सगळा पब ओरडू लागला. पोरं, काकू, वेटर, सगळे. पाय आपटत होते, शिट्ट्या मारत होते. सरांनी एकेक चेहरा पाहिला. त्यांत त्यांचं नात्याचं कोणी नव्हतं. ओळखीचंही कोणी नव्हतं.

दोनदा खाकरल्यावर त्यांना बोलता आलं.

"कुठून घेऊ?" त्यांनी ऋतुराजला विचारलं. "अंतऱ्यापासून घेऊ?"

ऋतुराजने मान खाली घातली. हातातला माईक तो उगाच शर्टाला पुसत राहिला.

"सर," काउंटरमागून कमलेश ओरडला, "गाणं नको, ते गटाराचं घ्या ना!"

"गटार! गटार!" पोरांनी लगेच ठेका धरला. शंभर फोन वर झाले.

लिफ्ट दहा पावलांवर होती. सर तिकडे पाहत उभे राहिले. शाल अंगावर होती, नारळ हातात होता, प्रकाशन झालेलं होतं. प्रमुख पाहुण्याने यापुढे थांबलंच पाहिजे असं काही नव्हतं, आणि चार दिवसांनी या पोरांना त्यांचं नावही आठवणार नव्हतं. हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

"सर, नको असेल तर राहू द्या," ऋतुराज हळू आवाजात म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हातातला नारळ त्याच्या हाती दिला आणि माईक काढून घेतला. चालत ते ड्रमपाशी गेले. शिवानी घाबरून उभी राहिली.

"बस," सर म्हणाले. "मघाशी तू अर्धी मात्रा उशिरा आलीस. माझं 'कुठेच नाही' संपायची वाट बघायची नाही. 'नाही'वर यायचं."

"हो सर."

"काठी आधीच वर घे."

तिने काठी वर घेतली. सरांनी एकदा खाकरून घसा साफ केला आणि ते लोकांकडे वळले.