तीन नंबरची जागा

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नौपाड्यातल्या शुश्रूषा केंद्रात तीन नंबरची खाट रिकामी झाली. दुखणं आटोक्यात आल्याने त्या खाटेवरच्या बाई घरी गेल्या. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या या केंद्रात खाटा दहाच. प्रवेशाचं काम उत्तरा पाहते. नियम असा: यादीतल्या पहिल्या कुटुंबाला फोन, बारापर्यंत होकार, चारपर्यंत रुग्ण हजर. नाहीतर खाट पुढच्याला.

पहिलं नाव शीळफाट्यापलीकडच्या मानपाड्याच्या राघोंचं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, कॅन्सर हाडांत उतरलेला. कुशीवर वळवलं तरी ओरडायचे. घरचे अकरा दिवस वाट पाहत होते.

दहा वीसला उत्तराने फोन लावला. राघोंची बायको शकूबाई यांनी उचलला.

"नमस्कार. जागा झाली आहे. बारापर्यंत सांगाल का?"

"आमाला जागा नाय इकायची! कितींदा सांगू गो?"

फोन बंद.

या घराची रस्त्यालगत शेतजमीन आहे. दलालांचे फोन रोज येतात. उत्तराने पुन्हा फोन करून "त्या जागेबद्दलच" अशी सुरुवात केली, तेव्हा मुलाने, रतनने, केंद्राचा नंबरच ब्लॉक केला. मग तिने स्वतःच्या मोबाइलवरून लावला. अनोळखी नंबर कुणी उचलला नाही.

राघोंना घरी जाऊन तपासणारी नर्स निशा दुसऱ्या रुग्णाकडे होती. तिने अकरा चाळीसला सुनेचा नंबर पाठवला. या वेळी उत्तरा 'खाट' म्हणाली.

"अगं बाई, तुम्ही होतात?" सून विनिता म्हणाली. "आई सकाळपासून दलालाला शिव्या घालतायत!"

मागून राघोंचा आवाज आला. "कवरी जागा हाय?"

"एक खाट, बाबा," विनिताने सांगितलं.

"येवरीच? मंग घेऊन टाका. रतनला इचारू नका, तो भाव करंल."

शकूबाई हसल्या ते फोनवर नीट ऐकू आलं. अकरा बावन्नला होकाराची नोंद झाली.

रुग्णवाहिका दोनला सांगितली होती, ती पावणेतीनला आली. तीन चाळीसला विनिताचा मेसेज आला: शीळफाट्याला अडकलोय, बाबा वडापाव मागतायत, देऊ का?

उत्तराने डॉक्टरांना विचारून 'द्या' असं कळवलं. चारला दहा कमी असताना मेसेज वाचला गेलेला नव्हता, आणि यादीतलं दुसरं नाव उत्तरासमोर होतं.