कथलाचा संशय

अतिथंड केलेल्या टोपोलॉजिकल सेमीमेटल या धातूसारख्या पदार्थाच्या स्फटिकाचा विद्युतरोध शून्यावर आला, म्हणजेच तो अतिवाहक ठरला, तेव्हा सर खूश होऊन परिषदेत ते जाहीर करायला गेले.

मागे राहिलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीला मात्र संशय आला. स्फटिक तिने वितळलेल्या कथलात वाढवला होता आणि एवढ्या थंडीत कथीलही अतिवाहक होतं. त्याचा पापुद्रा वर चिकटून राहिला असेल तर?

तिने स्फटिक आम्लात धुऊन वरचं कथील काढलं आणि तो पुन्हा थंड केला. पडद्यावरची रोधाची रेघ खाली यायचं नाव घेईना.

तिने फोन लावला. "सर, अतिवाहकता कथलाची होती. आपल्या स्फटिकाची नाही."

 

"पुन्हा मोजलंस?"

"हो, सर."

"मग आज मी बोलत नाही. पण तू एवढी घाबरलीस कशाला?"

"वाटलं, तुमचं बोलून झालंही असेल, सर."