सासूबाई हॉटेलात आहेत

उजव्या अंगठ्याच्या नखाखाली पिठाची एक वाळलेली कड होती, आणि ती खोटी होती. म्हणजे पीठ खरंच होतं — अंड्यात कालवलेलं, मिठाची चिमूट घातलेलं — पण दिवसभर काप तळता तळता आपसूक अडकलेलं नव्हतं ते. गीसुननं सकाळी मुद्दाम वाडग्यात बोट बुडवलं होतं आणि ते वाळेपर्यंत पंख्यासमोर हात धरून बसली होती, तेरड्याच्या फुलांनी नखं रंगवलेल्या मुली बसतात तशी. आता मनोऱ्याच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर, बूट खाली पायरीशी काढून, नदीवरचा वारा पोटऱ्यांना लागत असताना, त्या कडेकडे बघून तिला वाटलं... एवढं सोंग कुणासाठी? तेशिकसाठी नक्कीच नाही. नवऱ्यानं लग्न झाल्यापासून तिच्या नखांकडे पाहिलेलं नव्हतं. बोटं आहेत एवढं त्याला माहीत असावं. हे होतं सासूबाईंसाठी. सासूबाई आज रात्री घरी येणार होत्या.

मेल्यापासून दरवर्षी या तिथीला येतात. दार किलकिलं ठेवायचं, चौरंग मांडायचा, उदबत्ती लावायची, सगळ्यांनी पालथं पडून नमस्कार करायचा आणि मग खोलीतून बाहेर येऊन, दार ओढून, मुकाट थांबायचं — पाहुणीला संकोच न वाटता चार घास खाता यावेत म्हणून. बाकीच्यांना ते थांबणं म्हणजे पायांना मुंग्या. गीसुनला मात्र त्या वेळात घाम फुटायचा. जिवंतपणी सासूबाई पहिला घास तोंडात ठेवून थबकायच्या — ओठ मिटलेले, नजर भिंतीवर — आणि मग म्हणायच्या, “हं.” बस, एवढंच. पण त्या ‘हं’चे इतके प्रकार होते की त्यांचा एक शब्दकोश निघाला असता. बंद दाराआड आज कुठला ‘हं’ उमटेल? कारण आजचं सगळं, वाफवलेल्या माशापासून तांदळाच्या वड्यांपर्यंत, दुकानातून आलेलं होतं.

फोनवरून मागवलेलं. तेशिक कामावर गेला आणि थोड्या वेळात खोकी दाराशी हजर — बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेली, एखादं पाप असावं तशी थंडगार. तिनं सगळं घरच्या भांड्यांत काढलं, खोकी दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्यात टाकून आली, आणि मग — इथं स्वतःच्या हुशारीचं तिला जरा कौतुकही वाटलं — तव्यात भरपूर तेल तापवून भोपळ्याची एकच चकती तळली. पुन्हा पुन्हा तीच. घरभर वास पसरला, पडद्यांना लागला, केसांना लागला, शेजारीण दार उघडून म्हणाली, “किती गं राबतेस!” आणि शेवटी ती चकती चपलेच्या तळव्यासारखी झाली. जावांचे फोन येऊन गेले होते. “जाऊबाई, तुम्ही एकट्या किती करता, आम्हाला अगदी लाज वाटते हो.” आणि मग लाज वाटून त्या आपापल्या घरीच थांबल्या, दरवर्षीप्रमाणे. थोरल्या मुलाची बायको असणं म्हणजे हे.

तर असा दिवस मोकळा झाला. चोरलेला दिवस, आणि चोरल्यावर कळलं की त्याचं काय करायचं ते कुणी शिकवलेलंच नाही. पाय इकडे वळले. लग्न होऊन ती जिंजूला आली तेव्हा बसच्या खिडकीतून हा मनोरा पहिल्यांदा दिसला होता — कड्यावर उभा, खाली नदी, खांबांमधून आभाळ — आणि तिनं मनाशी म्हटलं होतं, एकदा वर जाऊन बसायचं. मग तिथं पाहुण्यांना सोडायला आली, मुलांना शाळेच्या सहलीसाठी पोचवायला आली, खालच्या वाटेवरून भाजीच्या पिशव्या घेऊन शेकडो वेळा गेली. वर बसली नाही. आज दरवाजावर गावच्यांना फुकट सोडतात हे ठाऊक असूनही ओळखपत्र काढलं नाही. परगावच्यांचं तिकीट घेतलं. गावच्या बाईनं या वेळी घरी काप तळत असायला हवं. परगावची बाई कुठंही असू शकते.

खाली गाईडचा भोंगा चालू होता. शत्रूच्या सरदाराला मिठी मारून खालच्या खडकावरून नदीत उडी घेणाऱ्या बाईची गोष्ट... बिचारीला तो दिवसातून किती वेळा बुडवत असेल. ती बाई त्या दिवशी घरून निघताना काय सांगून निघाली असेल? — मी आलेच, काप झाकून ठेवलेत...

छे. कुठल्या कुठे.

वारा मात्र सुरेख होता. आणि खरी बोच तीच होती — दुकानाच्या खोक्यांची नव्हे, या वाऱ्याची. आपण आडवं व्हावं, पाठ टेकावी असं वाटतंय, वरच्या तुळयांवरची निळी-हिरवी नक्षी बघत पडावं असं वाटतंय... सासूबाईंची तिथी आज, आणि मी इथं नक्षी बघतेय, आणि मला बरं वाटतंय. मला फार बरं वाटतंय. कुणाला सांगू हे?

“मावशी, आमचा एक फोटो काढाल का?”

मोठी टोपी घातलेली तरुण मुलगी, तिच्या मागे घामाघूम नवरा. बोलण्यावरून सोलचे. गीसुननं फोटो काढला. डोकी कापली गेली, पुन्हा काढला.

“तुम्ही इथल्याच का?”

“नाही बाई. आम्ही बुसानच्या.” हे इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“एकट्याच फिरता? किती छान!”

“एकटी कुठली? सासूबाई आहेत ना बरोबर. हॉटेलात आहेत.”

आणि तिथून जीभ सुटली ती सुटलीच. गुडघे दुखतात ना त्यांचे, एवढा चढ कुठला झेपायला, एसी लावून पडल्यात — पण मला म्हणाल्या, तू जा, माझ्यासाठी अडून राहू नकोस, सावकाश बघ, आलीस की मला सांग. दरवर्षी आम्ही दोघी अशा निघतो. पुरुषांना घरी ठेवून. गेल्या वर्षी बेटावर गेलो होतो, तिथं त्यांनी घोड्यावर बसायचा हट्ट धरला, आणि घोडा बसला खाली!

मुलगी खळखळून हसली. “तुम्ही नशीबवान हो. माझी सासू मला बघून ये म्हणाली तर मीच चक्कर येऊन पडेन.”

“ए,” नवरा म्हणाला.

“काय ए? खरं तेच बोलले.”

गीसुनही हसली, आणि हसता हसता तिला उमगलं. आज — नेमकं आजच — मी त्यांना जिवंत केलं. आणि नुसतं जिवंत केलं नाही, तर चांगलं केलं. गुडघे त्यांचेच होते, हट्ट त्यांचाच होता, पण ‘सावकाश बघ’ हे त्या जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या. ते मी घातलं होतं, वरून, चवीपुरतं. आणि ही एसीत पडलेली बाई मला इतकी आवडतेय की तिच्याकडे परत जावंसं वाटतंय... मेलेल्या माणसाच्या जागी दुसरंच माणूस मागवायचं. तेही दुकानातूनच आणल्यासारखं.

“वहिनी घोड्यावर बसली?” शेजारच्या खांबामागून आवाज आला. “मला नाही बोलली कधी!”

गीसुन वळली. खांबामागं पिशवीची उशी करून, तोंडावर गवती टोपी ठेवून एक म्हातारी आडवी पडली होती. टोपी बाजूला झाली. आत्याबाई. तेशिकच्या बापाची बहीण. समुद्रकाठच्या सामचनपोहून दर तिथीला संध्याकाळच्या बसनं येणारी. सूप नुसतं हुंगून मीठ कमी की जास्त ते सांगणारी. सगळ्या घरात गीसुन जिला वचकून असायची ती एकच जिवंत बाई.

“ह्या कोण?” मुलगी म्हणाली.

आत्याबाई कोपरावर उठून बसली. एकदा गीसुनकडे बघितलं, एकदा मुलीकडे. आणि म्हणाली, “मी हिच्या सासूची नणंद. आम्ही तिघी आलोय. ती बसलीय तिकडे एसीत, आणि मला म्हणते, तू जा, तुझी कटकट नको. जन्मभर असंच करत आलीय. घोड्याचं आत्ता कळतंय मला. विचारते आज तिला!”

सोलची मंडळी हसत, वाकून नमस्कार करून पायऱ्या उतरून गेली. मग मात्र नदी फार मोठ्यानं वाहायला लागली.

“बस लवकरची मिळाली,” आत्याबाई म्हणाली.

“हो?”

“दरवर्षी मिळते.” तिनं पाय चोळले. “तुझ्या स्वयंपाकात लुडबुड नको म्हणून इथं पडते जरा. वारा बरा असतो. घरी सांगू नकोस, तेशिक उगाच स्टँडवर गाडी घेऊन उभा राहील.”

ती पुढं काही विचारेल म्हणून गीसुन वाट बघत राहिली. तू इथं कशी? चूल कुणावर टाकलीस? एक प्रश्न विचारला असता तर सगळं सांगून टाकलं असतं, रडली असती, सुटली असती. आत्याबाईनं नुसतं पुढं वाकून तिच्या डोक्याजवळ हुंगलं.

“दमलीस गं. केसांना तळणीचा वास येतोय.”

सकाळची हुशारी अशी कामी आली. गीसुनला वाटलं, जमिनीतल्या फटीतून सरळ खाली जावं.

“बरं, ह्या धर.” पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी निघाली, आणि उघडायच्या आत समुद्राचा खारट, उग्र वास सगळ्या मनोऱ्यात पसरला. वाळवलेल्या शिंपल्या, काडीला ओवलेल्या. “तू सूप ह्या शिंपल्यांसाठी थांबवून ठेवतेस दरवर्षी, मी येईपर्यंत. पण भिजायला वेळ लागतो, मग तुझी धांदल होते. आज हातात पडतायत तर लवकर घाल.”

सूप. गीसुनच्या डोळ्यांपुढं ते भांडं आलं — फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, झाकण लावलेलं, दुकानातलं, गोमांस आणि मुळ्याचं. ‘नेहमीचा संच’ असं लिहिलेलं बघून तिनं बोट दाबलं होतं. कुणाचा नेहमीचा, हे पाहिलंच नव्हतं. वरच्या मुलखात घालतात मांस. या किनाऱ्यावरच्या घरात तिथीच्या सुपात शिंपल्या नसल्या तर ते सूपच नव्हे. इतकी वर्षं स्वतःच्या हातानं केलेलं, आणि विसरले मी. बाकीचं एक वेळ खपलं असतं. मासा तो मासा, काप ते काप. पण हे...

“वहिनीला मांसाचं सूप म्हणजे बारशाच्या जेवणातलं वाटायचं,” आत्याबाई म्हणाली. ती बोलत होती नदीकडे बघत, सहज, आणि त्या सहजपणाचा काही थांग लागत नव्हता. “मेल्यावर माणसाला डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात. वासावर येतात. वास ओळखीचा नसला तर दारातनं मागं फिरत असतील, चुकीच्या घरी आलो म्हणून. कुणाला विचारणार बिचारे?”

“आत्याबाई—”

“मला विचारशील तर मी काही तिच्यासाठी येत नाही. जिवंत होती तेव्हा आमचं धड पटलं नाही. मी सुपासाठी येते. तिच्या हाताची चव आता कुठं उरलीय? तुझ्या हातात तेवढी. तुला शिकवताना तुला रडवलं तिनं, ते मी बघितलंय. पण चव उतरली हो.” मग पुन्हा पिशवीत हात घालून तिनं एक पिकलेला, लवदार पीच काढला आणि ब्लाऊजला पुसला.

“आज पीच?” गीसुनच्या तोंडून निघून गेलं. आजच्या दिवशी पीच घराच्या आसपासही आणत नाहीत. त्याच्या वासानं पितर उंबऱ्याबाहेर थांबतात.

“म्हणून तर इथं संपवते. घरी न्यायचा नाही ना.” आत्याबाईनं दोन्ही अंगठ्यांनी तो फोडला. रस मनगटापर्यंत ओघळला. “काय गंमत आहे बघ. वहिनीचा जीव या फळावर. उन्हाळाभर खायची, बी चोखत बसायची. आणि मेल्यावर आपण तेच तिला दाखवायचं नाही.”

“आजी, वर खायला मनाई आहे,” खालून रखवालदार ओरडला.

“औषध आहे!” आत्याबाई खाली वाकून ओरडली, आणि अर्धा पीच गीसुनच्या हातात कोंबला. “खा लवकर. तो वर येईल.”

नाही म्हणायला हवं होतं. घरी जायचं होतं, शिंपल्या भिजत घालायच्या होत्या, याच हातांनी. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं — त्या एका चकतीवर सगळी सकाळ गेली होती — आणि गर इतका पिकलेला की ओठ लागताच सुटून आला. तिनं खाल्लं. सालासकट, वाकून, दोन्ही हातांनी, लहान पोरीसारखं. बी चोखली. गोड होतं. मग पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून तिनं हात धुतले, रुमालानं खसाखसा पुसले, हुंगले. वास तिथंच. पुन्हा धुतले. बोटांच्या बेचक्यांत, तळव्याच्या रेषांत तो दडून बसला होता, गोड, किंचित तुरट, जायला तयार नसलेला. मांडीवर शिंपल्यांची पुडी. तिचा वास वेगळाच, ओढून नेणारा. दोन वास एकमेकांत मिसळत नव्हते.

आत्याबाईनं टोपी पुन्हा तोंडावर ओढली. “मी संध्याकाळच्या बसनं येतेय, लक्षात ठेव,” ती टोपीखालून म्हणाली आणि लगेच घोरायला लागली. किंवा तसं सोंग केलं.

उठायला हवं. ऊन पलीकडच्या काठावर सरकलं होतं. अजून वेळ होता. अजून शिंपल्या भिजल्या असत्या, सूप झालं असतं, निदान ते एक तरी खरं झालं असतं. पण गीसुन बसून राहिली, हात नाकाशी धरून. आठवडाभर तिला एकच धास्ती होती, की सासूबाई येतील, घास तोंडात ठेवतील, थबकतील आणि ओळखतील. त्या ओळखण्याच्या भीतीनं तिनं नखात पीठ लावलं होतं. आणि आता, हात पुन्हा पुन्हा हुंगताना, ती भीती कुठं सापडतच नव्हती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, त्याहून मोठं, आणि त्याला तिनं कधी घरात घेतलेलं नव्हतं... मी दार किलकिलं ठेवीन. उदबत्ती लावीन. सगळे बाहेर थांबतील. मी कान देऊन उभी राहीन, आणि आत काहीच होणार नाही. सासूबाई जिन्यापर्यंत येतील, माझ्या हातांचा वास त्यांना येईल, क्षणभर त्यांना हवाहवासा वाटेल, आणि मग त्या — गुडघे दुखत असतील — कठड्याला धरून, एकेक पायरी, खाली...

नाही आल्या तर?